गिटारचा ब्रिज कुठे बसवायचा: आधी गळा, मग भोक

सतारीचा पडदा बेसूर बोलला तर दोरा सैल करून तो सरकवता येतो. इलेक्ट्रिक गिटारचा फ्रेट एकदा लाकडात ठोकला की ठोकला. सुराची जी काही दुरुस्ती करायची ती दुसऱ्या टोकाला, घोडीवर, म्हणजे ब्रिजवरच करावी लागते. ब्रिजवरच्या सॅडलला, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या सरकत्या तुकड्याला, तरी सरकायला जागा किती असते? साधारण एक सेंटिमीटर, काही प्रकारांत त्याहूनही कमी. ब्रिजचे स्क्रू या मर्यादेच्या बाहेर पडले, तर उत्तम लाकूड आणि महागडे पिकअप (तारेचं कंपन टिपणारे चुंबक) असूनही गिटार बाराव्या फ्रेटवर कायम चढी किंवा उतरलेली बोलत राहते.

आपल्याकडे जळगाव-धुळ्यात बॉडी कापायचं काम बहुतेक वेळा फर्निचरच्या मिस्त्रीकडे जातं आणि मिस्त्री माप सुतात बोलतात. एक सूत म्हणजे एक अष्टमांश इंच, ३.१७५ मिमी. कपाटाच्या दाराला अर्धं सूत इकडे-तिकडे चालतं. इथे काय होतं ते बघा. साडेपंचवीस इंची स्केलवर (स्केल म्हणजे गळ्याच्या टोकापासून ब्रिजपर्यंत तारेची हिशोबातली लांबी) सॅडल १ मिमी सरकला की मोकळी तार आणि बाराव्या फ्रेटवरचा सूर यांच्या नात्यात सुमारे २.७ सेंटचा फरक पडतो (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). म्हणजे एका सुताला साडेआठ सेंट. सॅडलने भरून न निघणारी एक सुताची चूक साध्या ट्यूनरवरही लगेच दिसते. म्हणून मिस्त्रीला माप देताना मिलिमीटरमध्ये द्या. ब्रिजच्या खुणा मात्र स्वतः करा आणि त्याला फक्त भोक पाडायला सांगा.

पहिला नियम: गळा बॉडीला पक्का बसेपर्यंत ब्रिजचं एकही भोक पाडायचं नाही. ड्रॉइंगमध्ये ब्रिजची जागा असते, ती फक्त बॉडीचा आकार ठरवायला. पॉकेट, म्हणजे गळा बसवायची बॉडीतली खोबण, कापताना गळा १ मिमी आत किंवा बाहेर जातोच आणि तेवढाच ब्रिजही सरकायला हवा. प्लॅन छापून आणला असेल तर आणखी एक धोका आहे. छपाईच्या दुकानात कागदात मावण्यासाठी चित्र आपोआप लहान होतं. कागदावरची १०० मिमीची रेघ स्टीलच्या पट्टीने मोजून बघा. ती ९७ भरली, तर त्या कागदावरचं कुठलंही माप वापरू नका.

आता स्केल लेंथ. फेंडर पद्धतीच्या गिटारची २५.५ इंच, म्हणजे ६४७.७ मिमी. गिब्सन पद्धतीची नावाला २४.७५ इंच, म्हणजे ६२८.६५ मिमी. पीआरएसच्या बहुतेक गिटारची २५ इंच, म्हणजे ६३५ मिमी. पण गळा विकत आणलेला असेल तर पाकिटावरच्या आकड्यावर जाऊ नका, मोजा. नट म्हणजे गळ्याच्या टोकाची खाचांची पट्टी. तिची फ्रेटबोर्डकडची कड, जिथून तार सुटते, तिथून बाराव्या फ्रेटच्या माथ्याच्या मध्यापर्यंत अंतर घ्या आणि दुप्पट करा. ३२३.८५ भरलं तर ६४७.७, ३१४.३ भरलं तर ६२८.६. झिरो फ्रेट (नटला लागून बसवलेला जादा फ्रेट) असेल तर नट सोडून झिरो फ्रेटच्या माथ्यापासून मोजा. मोजायला एक मीटरची स्टीलची पट्टी घ्या, गुंडाळीचा टेप नको. टेपच्या टोकाचा हुक मुद्दाम सैल ठेवलेला असतो आणि वापरून वापरून आणखी सैल होतो. टेपशिवाय दुसरं काही नसेलच, तर १०० च्या खुणेपासून सुरुवात करा आणि शेवटी १०० वजा करा.

इथपर्यंत बहुतेक जण बरोबर येतात. पुढे मात्र बरोबर ६४७.७ वर रेघ मारून ब्रिजचा मध्य तिथे ठेवतात आणि फसतात.

कारण असं. तार फ्रेटवर दाबली की ती किंचित ताणली जाते आणि सूर चढतो. शिवाय तार म्हणजे नुसता धागा नाही, तिला कडकपणा आहे. टोकाजवळचा थोडा भाग नीट कंपत नाही, त्यामुळे तार असते त्यापेक्षा आखूड असल्यासारखी बोलते. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने, सूर चढा. त्यावर उपाय म्हणजे सॅडल मागे, शेपटीकडे नेऊन तारेची लांबी वाढवणे. किती मागे, हे तारेच्या जाडीवर ठरतं. १० ते ४६ च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) तारांच्या नेहमीच्या सेटला स्केलच्या रेघेपासून मागे अंदाजे हे आकडे पडतात: बारीक ई दीड-दोन मिमी, बी अडीच-तीन, जी साडेतीन-चार, डी पुन्हा पुढे येऊन अडीच, ए साडेतीन, जाड ई साडेचार-पाच. जी मागे आणि डी पुढे हे पाहून पुष्कळ जण सॅडल चुकलं असं समजतात. ते बरोबरच आहे. जी ही साधी, न गुंडाळलेली तार आहे. डीचा आतला गाभा जीपेक्षा बारीक असतो आणि कडकपणा गाभ्यावरच ठरतो. बसल्यावर सॅडलची रांग दोन पायऱ्यांची दिसली पाहिजे. सगळी सॅडल एका सरळ रेषेत असतील तर त्या गिटारचं इंटोनेशन (फ्रेटवरचे सूर बरोबर येण्याची जुळणी) कुणी लावलेलंच नाही असं समजा. जाड सेट लावणार असाल किंवा सूर खाली उतरवून वाजवणार असाल तर मागे आणखी जागा हवी.

यातून स्थिर ब्रिजचा (हार्डटेलचा) साधा नियम निघतो. ब्रिज हातात घ्या. बारीक ईचं सॅडल स्क्रू फिरवून पूर्ण पुढे आणा, मग २ मिमी मागे घ्या. त्या सॅडलचा माथा, म्हणजे तार जिथून सुटते ती कड, नेमका स्केलच्या रेघेवर ठेवा. पुढे २ मिमी राखीव, बाकीची सगळी मोकळीक मागे. तार रेघेच्या पुढे जाण्याची वेळ जवळजवळ येत नाही, मागे मात्र सगळ्यांनाच जायचं असतं. उंची लावायच्या बारीक स्क्रूच्या मध्यापासून मोजू नका. माथा आणि स्क्रू यांत दोन-तीन मिमीचा फरक असतो आणि तेवढ्यात सगळा हिशोब बिघडतो.

आता आडवी जागा. मध्यरेषा गळ्यावरून काढा. नटच्या रुंदीचा मध्य आणि शेवटच्या फ्रेटच्या रुंदीचा मध्य यांवर लांब सरळपट्टी ठेवून ती रेघ बॉडीवर शेपटीपर्यंत न्या. बॉडी दोन फळ्या जोडून केली असेल तर मधला सांधा आयती मध्यरेषा वाटतो. त्याच्यावर विसंबू नका. पॉकेटमध्ये गळा ७५ मिमी लांबीत अर्धा मिमी वाकडा बसला, तरी तिथून १८० मिमी पुढे, ब्रिजपाशी, तो फरक सव्वा मिमी होतो. सांध्यावर बसवलेल्या ब्रिजवरून मग एक ई तार फ्रेटबोर्डच्या कडेवरून खाली घसरते.

रेघ काढली तरी शेवटचा निर्णय दोऱ्याचा. ब्रिज दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बॉडीवर तात्पुरता चिकटवा. शिलाईचा मजबूत दोरा मेणातून ओढून घ्या. नटच्या पहिल्या आणि सहाव्या खाचेतून दोन दोरे काढून त्या-त्या सॅडलच्या खाचेवर आणा आणि मागे टेपने ताणून चिकटवा. शेवटच्या फ्रेटपाशी दोऱ्यापासून फ्रेटच्या टोकापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. दोन्हीकडे सारखं, ३ मिमीच्या आसपास हवं. एकीकडे ४ आणि दुसरीकडे २ आलं तर रेघ विसरा, ब्रिज सरकवा. दोन्हीकडे २ पेक्षा कमी आलं तर तुमचा ब्रिज या गळ्यासाठी रुंद आहे. जुन्या फेंडर पद्धतीत दोन ई तारांमधलं अंतर ५६ मिमीच्या आसपास असतं, नव्या अरुंद ब्रिजमध्ये साडेबावन्नच्या आसपास. म्हणून ब्रिज हातात येण्याआधी काहीही कापू नका. मुंबई-पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवलेल्या मालावर लिहिलेलं आणि व्हर्नियरने मोजलेलं माप दर वेळी जुळतंच असं नाही.

दोरे जुळले की ब्रिजची पुढची कड मध्यरेषेला काटकोनात आहे ना ते गुण्याने तपासा आणि लांबी पुन्हा एकदा मोजा: नट ते बारावा फ्रेट, बारावा फ्रेट ते बारीक ईच्या सॅडलचा माथा. दोन्ही सारखी. कडेच्या तारा तिरप्या जातात म्हणून त्यांची लांबी मध्यरेषेपेक्षा जास्त भरेल अशी शंका काहींना येते. हिशोब करून पाहिला तर तो फरक एक दशांश मिमीपेक्षाही कमी आहे, सोडून द्या.

उंचीचा हिशोब भोक पाडण्याआधीच करायचा, कारण उंची जमली नाही तर ब्रिजच बदलावा लागतो. नेहमीच्या बोल्ट-ऑन (गळा स्क्रूने बॉडीला आवळलेल्या) बांधणीत गळ्याची टाच २५.४ मिमी जाड आणि पॉकेट १५.९ मिमी खोल, म्हणजे फ्रेटबोर्ड बॉडीच्या वर ९.५ मिमी. त्यात फ्रेटची उंची १.१ मिळवा. तार नटपाशी फ्रेटच्या पातळीच्या वर अर्धा मिमी आणि बाराव्या फ्रेटवर १.८ मिमी हवी असेल, तर ब्रिजपाशी ती १.८ च्या दुपटीतून ०.५ वजा, म्हणजे ३.१ मिमी वर असणार. एकूण ९.५ अधिक १.१ अधिक ३.१, म्हणजे १३.७ मिमी. सॅडलचा माथा बॉडीपासून एवढ्या उंचीला बसला पाहिजे, तेही उंचीचे स्क्रू साधारण मधल्या जागी असताना. ब्रिज सपाट टेबलावर ठेवून आधीच मोजा.

ट्यून-ओ-मॅटिक पद्धतीचा, दोन खांबांवरचा ब्रिज बराच उंच असतो. तो मधल्या उंचीला १७ मिमी भरला, तर ३.३ मिमी कमी पडतात. दोन मार्ग आहेत: पॉकेट तेवढं उथळ ठेवायचं, किंवा गळा मागे झुकवायचा. फ्रेटबोर्डच्या शेवटापासून ब्रिजपर्यंत साधारण १८० मिमी अंतर धरलं, तर एका अंशाच्या झुकावाला ब्रिजपाशी सुमारे ३ मिमी मिळतात. ३.३ साठी एका अंशाहून थोडा जास्त झुकाव पुरतो. पॉकेटचा तळच तिरपा कापा किंवा पूर्ण तळावर बसणारी लाकडी पाचर घाला. पाचर एका टोकाला पट्टीएवढीच घातली तर मधे पोकळी राहते आणि स्क्रू आवळल्यावर टाच वाकते.

याच ब्रिजमध्ये जागेची चूकही सर्वांत महाग पडते, कारण सॅडलची हालचाल कमी आणि खांब एकदा गेले की गेले. ब्रिज तिरपा बसवावा लागतो आणि तिरपेपणा खांबांवर मोजायचा असतो, तारांवर नाही. समजा तुम्हाला बारीक ई स्केलच्या २ मिमी मागे आणि जाड ई ५ मिमी मागे हवी आहे, दोन्ही सॅडल आपापल्या हालचालीच्या मध्यावर असताना. तारांमधलं अंतर ५२ मिमी, खांबांमधलं ७४ मिमी. ५२ मिमीत ३ मिमीचा तिरपेपणा, म्हणजे ७४ मिमीत सुमारे ४.३. खांब तारांच्या बाहेर असल्यामुळे बारीक बाजूचा खांब २ ऐवजी सुमारे १.४ मिमी मागे आणि जाड बाजूचा ५ ऐवजी सुमारे ५.६ मिमी मागे येतो. तारांचेच आकडे खांबांना दिले तर तिरपेपणा कमी पडतो आणि जाड ईचं सॅडल शेवटच्या आट्यापर्यंत जाऊन अडकतं. खांबांमधलं अंतर तुमच्या ब्रिजवर मोजूनच घ्या. मागचा स्टॉप टेलपीस (तारांची टोकं अडकवायची पट्टी) ३५ ते ४५ मिमी मागे ठेवा.

ट्रेमोलो ब्रिजमध्ये (दांडीने हलवून सूर खालीवर करता येणाऱ्या) नियम तोच, फक्त मोजायचं दोन टप्प्यांत. वरच्यासारखं सॅडल २ मिमी मागे लावून त्याच्या माथ्यापासून टेकणाऱ्या धारेपर्यंतचं, म्हणजे ब्रिज जिथे खांबाला किंवा सहा स्क्रूंना टेकतो तिथपर्यंतचं अंतर घ्या आणि स्केलच्या रेघेवरून तेवढं मोजून खांबांची रेघ काढा. खांबांची भोकं आधी, खालची पोकळी नंतर. उलट केलं तर भोक आणि पोकळी यांच्यामध्ये उरलेली पातळ भिंत ड्रिलच्या जोराने फुटते. पिकअपची खोबणीही ब्रिजची जागा पक्की झाल्यावरच. २२ फ्रेटच्या साडेपंचवीस इंची गळ्यात शेवटच्या फ्रेटपासून स्केलच्या रेघेपर्यंत सुमारे १८२ मिमी मिळतात, २४ फ्रेटमध्ये १६२. तीन पिकअपची आखणी याच जागेत करायची असते.

भोक पाडताना हातातलं ड्रिल वापरू नका. जवळच्या लेथवाल्याकडे किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानात उभं ड्रिल मशीन असतं, तिथे बॉडी न्या. खाली सपाट लाकूड ठेवा. आधी खुणेवर टोच्याने खोलगट ठिपका करा, नाहीतर सागाच्या रेषांवरून बिट घसरतं. हार्डटेलच्या साडेतीन मिमीच्या स्क्रूंना शिवणीसारख्या हलक्या लाकडात अडीच मिमीचं पायलट भोक आणि सागासारख्या कठीण लाकडात २.८ चालतं. स्क्रूला मेणबत्ती घासा. साबण घासू नका, तो ओल धरतो आणि स्क्रू गंजतो. खांबांच्या बुशिंगसाठी (खांब ज्यात बसतो त्या धातूच्या नळीसाठी) त्याच लाकडाच्या तुकड्यावर आधी एक भोक पाडून पाहा. बुशिंग अंगठ्याने अर्ध्यापर्यंत जाऊन थांबायला हवं. पुढचं काम शिकंजाने दाबून करायचं, हातोडीने नाही. रंग दिलेल्या बॉडीवर भोकाच्या तोंडाची कड आधी किंचित उतरवा, नाहीतर बुशिंग रंगाचा पापुद्रा उचलतं.

ब्रिज बसवण्याआधी त्याच्या खालून कंट्रोलच्या पोकळीपर्यंत ३ मिमीचं तिरपं भोक पाडून अर्थची वायर आणा. उघडी केलेली टोकं ब्रिजच्या पत्र्याखाली पसरून दाबली गेली पाहिजेत, खांबांच्या ब्रिजमध्ये ती बुशिंगच्या भोकात दाबा. ही वायर विसरली तर अँपमधून सतत घरघर येते आणि तारांना हात लावल्यावरही ती कमी होत नाही.

सॅडलची शेवटची जुळणी हवामान बघून करा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, हवा कोरडी ठणठणीत, आणि महिन्याभरात पावसाची दमट हवा. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, त्यामुळे स्केल तीच राहते. पण गळ्याचा वाक बदलतो, तारेची उंची बदलते आणि त्यासोबत इंटोनेशनही. विशेषतः कूलरच्या झोतात ठेवलेली गिटार. कूलर ओली हवा फेकतो, गळा काही तासांत वाक बदलतो आणि दोष मात्र ब्रिजवर येतो. गिटार कूलरपासून दूर, जिथे नेहमी राहणार त्या खोलीत एक दिवस ठेवा. मग नवीन तारा, ट्रस रॉडने (गळ्याच्या आतल्या, वाक लावायच्या सळईने) सातव्या-आठव्या फ्रेटपाशी ०.२ मिमीचा वाक, बाराव्या फ्रेटवर जाड ई २ मिमी आणि बारीक ई दीड मिमी, या क्रमाने लावा. सॅडल सर्वांत शेवटी.

गिटार मांडीवर, वाजवताना धरतो तशी घ्या. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक सूर (तार न दाबता तिला नुसतं बोट टेकवून काढलेला) ट्यूनरवर पक्का करा, मग तिथेच तार हलक्या हाताने दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. पाच सेंट चढा दिसला तर स्क्रू अंदाजे फिरवत बसू नका, सुमारे २ मिमी मागे घ्या, पुन्हा सूर मिळवा, पुन्हा तपासा. बारावा बरोबर आणि पहिले तीन फ्रेट मात्र चढे बोलत असतील, तर ब्रिजला हात लावू नका. नटच्या खाचा उथळ राहिल्या आहेत.

सॅडल पूर्ण मागे जाऊनही तार चढीच असेल, तर आधी सॅडलच्या स्क्रूवरची स्प्रिंग काढून किंवा अर्धी कापून पाहा, कधीकधी तेवढ्यावर भागतं. दुसरा हलका उपाय म्हणजे ते सॅडल उलटं फिरवून बसवणे. एका प्रकारच्या सॅडलमध्ये त्याने माथा मिमी-दीड मिमी मागे जातो. तरीही कमी पडलं तर भोक बुजवणं भाग आहे. काडी आणि फेव्हिक्विकने भरलेलं भोक तारांच्या ताणाला टिकत नाही. जुनं भोक ८ किंवा १० मिमीपर्यंत मोठं करा, त्याच लाकडाचा गोल खुंटा करून घ्या. खुंट्याच्या रेषा बॉडीच्या रेषांच्या दिशेने यायला हव्यात, उभ्या नकोत, कारण उभ्या रेषांत स्क्रू नीट धरत नाही. सागाला अंगचं तेल असतं, म्हणून भोक आणि खुंटा दोन्ही थिनरने पुसून, वाळवून मगच लाकडाचा गोंद लावा. २४ तास शिकंजात ठेवा, पटाशीने वरचा भाग सपाट करा आणि खुणा पुन्हा पहिल्यापासून, नटपासून घ्या. जुन्या भोकापासून मोजू नका, ते चुकीचंच होतं. नवं भोक खुंट्याच्या कडेवर अर्धं खुंट्यात आणि अर्धं बॉडीत येत असेल, तर आणखी मोठा खुंटा घाला. गोंदाच्या रेषेवर बिट नेहमी मऊ बाजूला पळतं.